फरशीवरचा पांगुळगाडा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यातले सुतार कशावरून भांडायचे, ते मात्र आठवतं. आजची सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी कुठली ऑपरेटिंग सिस्टिम चांगली यावरून ताटातलं गार होईस्तोवर वाद घालतात ना, तसे ते सुतार पडवीतल्या जमिनीवरून वाद घालत.

कारण तिथली रीतच तशी होती. आधी जमीन निवडायची, मग रंधा उचलायचा. ज्या जमिनीवर वस्तू घडवायची, तिच्यावरच ती रोज चालवून बघायची.

त्या राज्यात एक सुतारीण होती. मुलांना पहिलं पाऊल टाकायला शिकवणारे तीन चाकांचे पांगुळगाडे ती करी. हात देखणा, स्वभाव मात्र भित्रा. आमटीत मीठ टाकल्यावर टाकलं की नाही म्हणून चारदा चाखणारी, आणि शेवटी पुन्हा टाकणारी. त्यात कडेवर वर्षाचं पोर.

घाटापलीकडे तिची धाकटी बहीण राहत होती. बहिणीची लेक सगुणी दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. वैद्यबुवांनी सांगितलं होतं, "पाय कोवळे आहेत तोवर हिला चालतं करा. येत्या पावसाळ्यापर्यंत वेळ आहे. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

कार्तिक लागला तसा बहिणीनं निरोप धाडला, "अक्का, तुझ्या हातचा गाडा पाठव."

नेमकी तेव्हाच सुतारणीच्या पडवीची जुनी जमीन उखडली होती. नवी कुठली घालावी? तिनं आळीतल्या तीन म्हाताऱ्यांना विचारलं.

पहिला म्हणाला, "राजवाड्याच्या पाथरवटाकडून फरशी बसवून घे. आरशासारखी. एकदा बसली की बघायला नको. आता, एखादी हलली तर त्यालाच बोलवावं लागतं, आणि तो त्याच्या सवडीनं येतो."

दुसरा म्हणाला, "फळ्या ठोक. निम्म्या गावात फळ्याच आहेत. भर कामात माणसं येतात, 'ऊठ बाई, खिळे बदलायचेत' म्हणतात. तू हातातलं टाकून उठायचं. सवय होते."

तिसऱ्याचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. "माती घाल आणि स्वतः चोप," तो म्हणाला. "खड्डा पडला तर तूच बुजवशील. अडलीस तर शेजारी धावून येतील. आधी अक्कल काढतील, मग मदत करतील."

"आणि माझी कंबर धरली तर?"

"तेही तुझं तूच बघायचं."

सुतारीण दीड महिना विचार करत राहिली. शेवटी तिनं फरशी घातली. आयुष्यात पहिल्यांदाच ती एका निर्णयावर ठाम राहिली, आणि तिचं तिलाच कौतुक वाटलं. तिघांनी तीन सल्ले दिले होते. सगुणी कुठे चालणार आहे, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

गाडा झाला. बांगडीसारखी नाजूक चाकं. बोट लावलं की फरशीवरून पळे. तिचं पोर त्याला धरून खिदळत पडवीभर फिरलं. मीठ लादलेले बैल घेऊन घाट उतरणाऱ्या तांडेवाल्याकडे तिनं तो सोपवला.

पुढच्या खेपेला तांडेवाला परतला. "बाई, गाडा हलत नाही म्हणे."

"हलत नाही? माझ्याकडे तर चालतो! हा बघा दुसरा."

तांडेवाल्यानं बोटानं ढकलून पाहिला. "खरंच की. पळतोय लेकाचा."

"धाकटी लहानपणापासून धांदरटच," सुतारीण म्हणाली, आणि तिला जरा बरं वाटलं. तरी तिनं नवा गाडा धाडला. या वेळी चाकं आणखी बारीक केली, आणखी घोटली. फुंकर घातली तरी फरशीवर सरके.

निरोप आला, "अक्का, एकदा येऊन बघ."

पोराला दात येत होते. घाट अवघड होता. कारणं खरीच होती. पण त्यांच्या तळाशी दुसरी भीती होती: गेले, आणि माझी निवडच चुकलेली निघाली तर? तिनं तिसरा गाडा धाडला.

त्यावर काही निरोपच आला नाही. मग मात्र पोराला पाठीशी बांधून ती घाट उतरली. वैशाख सरत आला होता.

बहिणीचं घर नदीकाठी, जमीन मऊ पोयट्याची, शेणानं सारवलेली. तिन्ही गाडे भिंतीशी ओळीनं उभे. सगुणी कोपऱ्यात बसून होती. खोलीच्या मधोमध जमिनीत तीन बारीक चरे उमटले होते, जेमतेम वीतभर लांब.

"हे काय गं?"

"रोज उभी राहायची धरून. जीव खाऊन ढकलायची. एवढं जायची, की चाकं रुतायची," बहीण म्हणाली. "पुढेपुढे गाडा दिसला की रडायला लागली. मग उभं राहणंच सोडलं तिनं."

"बुजवले नाहीस?"

"सारवताना तेवढी जागा सोडते. तिचं तेवढंच चालणं आहे, अक्का."

सुतारीण तिथेच बसली, ओंडक्याच्या चकत्या कापल्या, चार बोटं रुंद चाकं केली. दिवस कलायच्या आत गाडा त्या मातीवरून घरभर फिरला. तिनं सगुणीला उचलून उभं केलं. हातांनी दांडा धरला, पाय दुमडले. पुन्हा उभं केलं. पुन्हा दुमडले.

वैद्यबुवा आले. गुडघे चाचपून त्यांनी पोरीला अलगद खाली बसवलं. "गाडा उत्तम आहे," ते म्हणाले. "कार्तिकात यायला हवा होता."

सगुणी पुढे मोठी झाली, पण चालली नाही. बहिणीनं कधी दोष दिला नाही. दिला असता तर सुतारणीला झोप तरी लागली असती. त्यानंतर कुणी गाडा मागितला, की ती आधी त्याच्या घरी जाई, वहाणा काढून तिथल्या जमिनीवर अनवाणी उभी राही, आणि मगच लाकडाला हात लावी. तिचे गाडे गावोगाव चालले. लोक वाखाणत, तेव्हा ती मान खाली घाली.

तात्पर्य: आपलं काम ज्याच्या दारी चालायचं आहे, त्याची जमीन आधी पाहावी, आपल्या सोयीची नंतर निवडावी.