तीन पिकअप आणि चाळीस कासवं

एक जंगल होतं. तिथे सगळं ठीक चाललंय, असं तिथला सिंह रोज सकाळी सांगायचा आणि सगळे प्राणी मान डोलवायचे. कारण न हललेली मान लांबूनही ओळखू यायची.

या जंगलात पिकअप बनवणारे तीन कारखानदार होते. हत्ती दंतेशशेठ, गेंडा एकशिंगराव आणि गवा शिंगाडेसाहेब. पिकअप म्हणजे काय, तर पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. हौद्यात कंद टाका, गवत टाका, आजारी सासरे टाका आणि निघा. इतकी साधी गोष्ट! पण साध्या गोष्टीत पहिला नंबर कसा काढणार?

म्हणून दंतेशशेठनी आपल्या गाडीचं नाक एक हात उंच केलं. झाडाझाडावर पाट्या लागल्या: 'उंच नाक, जंगलभर धाक!' पुढच्याच आठवड्यात एकशिंगरावांची गाडी आली. नाक दोन हात उंच, आणि आवाज असा की घुबडं भरदुपारी दचकून उठली. मग शिंगाडेसाहेबांनी केबिनमध्ये लोळायला गादी दिली. गादीला जागा हवी, ती हौद्यातून काढली. बाकी दोघांनीही काढली. होता होता हौदा एवढासा उरला की त्यात दोन भोपळे मावायचे, तेसुद्धा त्यांचं आपसात पटत असेल तर.

सिंहमहाराज भलतेच खूश झाले. त्यांनी फर्मान काढलं, "ज्या गाडीत बसल्यावर धूळ दिसत नाही, ती गाडी धूळ उडवत नाही. सबब, आमच्या आयाळीपेक्षा बुटक्या गाड्या आजपासून बंद."

बुटकी गाडी जंगलात एकच उरली होती, साळू नावाच्या साळिंदरीची. तिने ती गपचूप वाळक्या पाल्याखाली झाकून ठेवली.

नेमकं त्याच उन्हाळ्यात खालचं तळं आटायला लागलं. त्यात चाळीस कासवं राहायची. वरच्या तळ्याला पाणी भरपूर, पण मध्ये दोन कोस तापलेला रस्ता. चालत निघाली असती तर वाटेतच भाजून निघाली असती. म्हणून कासवांतली थोरली ढालूमावशी दरबारात गेली.

"महाराज, तीन दिवसांचं पाणी उरलंय. एक गाडी द्या."

"एकच? तीन देतो! आणि स्पर्धा लावतो. तुम्हाला वर नेईल तो वाहनसम्राट!"

"स्पर्धा नको, महाराज. गाडी पुरे."

"लाजू नका, मावशी."

पहिला दिवस भाषणांत गेला. दंतेशशेठ गरजले, "माझी गाडी डोंगर ओढते!"

"कुठला ओढला?" मावशीने विचारलं.

"डोंगरच पुढे येत नाहीत हो! हिंमत लागते."

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. हौद्याचा फाळका, म्हणजे मागचं खाली पडणारं दार, इतका उंच की खालून कासवांना गाडीचं फक्त पोट दिसलं.

"चढा की!" एकशिंगराव ओरडले.

"कशाने?"

"आत्मविश्वासाने!"

तेवढ्यात शिंगाडेसाहेबांनी गाडी सुरू केली. "समोर कुणी आहे का?"

"आम्ही आहोत!" चाळीस कासवं एकदम ओरडली.

"मला तर कुणीच दिसत नाही," म्हणून साहेबांनी गाडी दामटली. दोन कासवं चाकाच्या धक्क्याने उडून करवंदीच्या जाळीत पडली. नशीब, पाठी शाबूत राहिल्या.

"बघा, दोन कासवं हलवली!" साहेब म्हणाले.

"हलवली, पण उलट्या दिशेला!" दंतेशशेठ खवळले. मग जोर कुणाचा जास्त हे ठरवायला तिघांनी गाड्या दोरखंडाने एकमेकींना बांधल्या आणि तीन दिशांना ओढायला लागले. सकाळ झाली तरी कुणी जागचं हललं नव्हतं. सिंहमहाराज टाळ्या वाजवत होते. तळ्यात आता घोटाभर चिखल होता.

तेव्हा साळूने पाला झटकला, गाडी आणली आणि फाळका पाडला. तो थेट जमिनीला टेकला.

"मावशी, बसा पटापट. पाच-पाच जण."

"अगं, पकडतील ना तुला!"

"पकडायला आधी दिसावं लागतं. एवढ्या उंचावरून खाली कोण बघतंय?"

आणि ती निघाली. रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या त्या तीन गाड्यांच्या पोटाखालून निघाली! वर इंजिनं घरघरत होती, घोषणा चालल्या होत्या आणि खालून कासवं जात होती. आठ खेपा झाल्या. शेवटची मावशी पाण्यात उतरली तशी साळू मागे वळली. खालून बेडकांचाही निरोप आला होता.

दुपारी महाराज वरच्या तळ्यावर आले. बघतात तर चाळीस कासवं पोहतायत.

"मी आणली!" तिन्ही कारखानदार एका सुरात म्हणाले. आता वाहनसम्राट कोण? महाराजांनी मतदान ठेवलं. दरबारी कारकून हुप्पेराव वानर पेटी घेऊन काठावर बसले. चिठ्ठीवर तीन गाड्यांची तीन चित्रं.

"आम्हाला साळूने आणलं," ढालूमावशी म्हणाली.

"बुटक्या गाड्या फर्मानाने बंद आहेत," हुप्पेराव म्हणाले. "नसलेल्या गाडीतून तुम्ही कशा याल?"

"मग आम्ही इथे कसे पोचलो?"

"त्यालाच प्रगती म्हणतात, मावशी. चिठ्ठी घ्या."

मावशीने चिठ्ठीकडे पाहिलं, हुप्पेरावांकडे पाहिलं आणि सरळ बुडी मारली. तिच्यामागोमाग उरलेल्या एकोणचाळीस जणांनीही मारली. दिवस मावळेपर्यंत कुणी वर आलं नाही.

संध्याकाळी निकाल लागला. दंतेशशेठना चाळीस मतं, एकशिंगरावांना चाळीस, शिंगाडेसाहेबांना चाळीस. हुप्पेरावांनी खाली शेरा मारला: मतदान शांततेत पार पडले.