कवडीमोल

“आणि तुमच्या पुस्तकात कवडीमोल म्हणजे काय लिहिलंय?” भागाआईंनी विचारलं.

“जवळजवळ फुकट,” गंगाधरमास्तर म्हणाले. “पूर्वी कवड्या चलनात होत्या. सगळ्यात हलका पैसा. पुढे तांब्याच्या नाण्यांपुढं त्यांना कुणी विचारेना. शब्द तेवढा राहिला.”

“अन् यायच्या कुठनं?”

“समुद्रापलीकडच्या बेटांवरून. जहाजं भरभरून.”

“अगं बाई... एवढ्या लांबनं!”

भागाआई देवीच्या आराधी. वय झालेलं. गळ्यातली कवड्यांची माळ त्या आज पहिल्यांदाच दिसल्यासारखी न्याहाळू लागल्या.

“म्हणजे बाजारानं टाकल्या, अन् देवीनं उचलल्या.”

“त्याला पुरावा नाही, आई.”

“नसू द्या.”

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. आत तशीच एक माळ होती. त्यांच्या बायकोची, केवळाची. ती भागाआईंची शिष्या. मागच्या महिन्यात वारली.

आराध्यांच्यात गेलेल्याची माळ पेटीत ठेवत नाहीत. घरातल्या कुणीतरी ती गळ्यात घालून जोगवा मागायचा, नाहीतर गुरूच्या हाती परत द्यायची. मास्तर परत द्यायला आले होते.

“घाला की तुम्हीच.”

“मी? हेडमास्तर होतो मी गावात. आता दारोदार पीठ मागत फिरू?”

“केवळा फिरायची.”

“फिरायची. मंगळवारी मी दार लावून बसायचो.”

“ठाऊक हाय. हसत हसत सांगायची... ‘आमच्या मालकानं आज कोंडून घेतलंय’ म्हणून.”

बाहेर कुणीतरी संबळ तापवत होतं. मधेच एखादा ठोका पडायचा.

“आणा मग.” भागाआईंनी हात पुढे केला.

मास्तरांनी माळ मुठीत घेतली आणि मूठ त्यांच्या तळहातावर टेकवली.

“सोडा.”

“हो...”

“सोडा की मास्तर. फुकटचीच हाय न्हवं?”

मूठ उघडेना. बोटांची पेरं पांढरी पडली. मास्तर स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

“हे काय होतंय, आई?”

भागाआईंनी हात काढून घेतला. उठून आत गेल्या. जोगव्याची परडी घेऊन आल्या आणि मास्तरांच्या रिकाम्या हातात ठेवली.

“पहिलं दार शेजाऱ्याचं धरा. लांबचं नको.”