हुप्प्याचं बळाचं पाणी

रानातले प्राणी अजून एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका उन्हाळ्यात पाणवठा आटला आणि हरणांचा कळप दूरच्या नदीकडे निघाला. सर्वांत पुढे गौरा नावाची वयस्कर हरणी होती.

वाटेत हुप्प्या माकडाने कॉफीची लाल फळं भरपूर मधात कुस्करून ठेवली होती. "हे बळाचं पाणी! प्यायलात की थकवा पळालाच," तो म्हणाला.

तरणा भिंगरू पोटभर प्यायला आणि उड्या मारू लागला. "गौराआजी, तूही घे ना!"

"नको रे बाबा. मी सावलीत जरा पडते."

"अशाने नदी कधी यायची?" असं म्हणत तो एकटाच पुढे उधळला.

विसावा घेऊन कळप निघाला, तेव्हा टेकडीवर भिंगरू आडवा पडलेला दिसला. त्याची छाती धडधडत होती, पाय थरथरत होते. "आजी, डोळाच लागत नाही गं," तो कसाबसा म्हणाला. पलीकडे रानकुत्री घुटमळत होती.

"पळा!" कुणीतरी ओरडलं. गौरा मात्र भिंगरूच्या पुढ्यात उभी राहिली. तिने खूर आपटले. तिला पाहून एकेक हरीण परत फिरलं आणि सगळ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं. शेवटी रानकुत्री कंटाळून निघून गेली.

धडधड ओसरल्यावर भिंगरू गाढ झोपला. जागा झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "आजी, तुला कधी थकवा येतच नाही का?"

"येतो की! आला की मी बसते," गौरा म्हणाली आणि नदीच्या वाटेला लागली.