बोलक्या फळ्याचा पाठ

उंबरपट्टणच्या चंडसेन महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला. होळीच्या दिवशी नीळकंठशास्त्र्यांनी आपल्या महाविद्यालयात एक पाठ घ्यायचा. त्यात शिक्षकाने बोलायचं नाही, विद्यार्थ्यांनी ऐकायचं नाही आणि पुस्तक तर उघडायचंच नाही. तरीही वर्गातून बाहेर पडणाऱ्याला आत येताना ठाऊक नव्हतं ते ठाऊक झालं पाहिजे. नाही जमलं तर महाविद्यालयाला टाळं, आणि तिथे हत्तीखाना!

ही अक्कल महाराजांची नव्हे हो. स्वतःची अक्कल महाराज फार जपून ठेवत, सहसा वापरत नसत. ही उसनी होती चित्रभानूंकडून. हे गृहस्थ चार दिवस परदेशी जाऊन आले ते थेट 'अभिनवाचार्य' होऊनच. पदवी दिली कोणी, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. शिक्षक बोलतो म्हणून विद्यार्थी झोपतो, विद्यार्थी ऐकतो म्हणून विचार करत नाही, असं ते दरबारात सांगत आणि दरबार माना डोलावत असे.

येताना त्यांनी एक बोलका फळा आणला होता. कपाटाएवढा, पितळेचा. किल्ली दिली की त्यावर म्हणे चित्रं हालत आणि अवघड गणितं तो आपणहून समजावून सांगे. दसऱ्याला तो महाविद्यालयात मांडून त्याची थाटात पूजा झाली. राणीसाहेबांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, पेढे वाटले. मग पोरांच्या बोटांचे डाग पडतील म्हणून फळ्यावर मखमली खोळ चढली आणि किल्ली चित्रभानूंच्या कमरेला गेली. तेव्हापासून कोणी पाहुणा आला की त्याला ती खोळ दाखवत, आणि पाहुणाही खोळीकडे बघून "वा, वा" म्हणे.

शास्त्र्यांनी पडेल आवाजात हुकूम वर्गाला सांगितला. आयुष्य या ओसरीवर शिकवण्यात गेलं, आता इथे हत्ती बांधणार, असं ते म्हणाले. लगेच बोलली ती सगुणा. ही कुंभाराची लेक म्हणजे वर्गातलं सगळ्यात भांडखोर कार्टं. शास्त्र्यांच्या दर वाक्याला तिचं "पण का?" ठरलेलं.

"शास्त्रीबुवा, महाराज त्या दिवशी बसणार कुठे?"

"कुठे म्हणजे? सिंहासन घेऊन येतील."

"छे, छे. त्यांना आमच्या बाकावर बसवू. बाकीचं माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त तोंड मिटून बसायचं. जमेल ना?"

या सगळ्यात तेच सर्वांत अवघड आहे, असं शास्त्र्यांना मनोमन वाटलं.

होळीच्या दिवशी महाराज लवाजम्यासह आले. नव्या पद्धतीत लहानमोठं कोणी नाही, असं अभिनवाचार्यांनीच भाषणात सांगितलंय, तेव्हा महाराजांनी पोरांत बसावं, अशी सगुणाने अदबीने विनंती केली. भाषण खरंच केलेलं, त्यामुळे चित्रभानूंना मान डोलावणं भाग होतं. महाराज बाकात शिरले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. पोरांनी कानात कापसाचे बोळे कोंबले. पोथ्या बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. शास्त्री आसनावर ओठ मिटून बसले. समोर खोळीतला फळा.

आणि मग काहीच झालं नाही.

ऊन तापलं. महाराजांच्या नाकावर माशी बसली, उठली, पुन्हा बसली. "अरे, सुरू करा की काहीतरी," महाराज खेकसले. पोरांना ऐकू येईना आणि शास्त्र्यांच्या घशाशी आलेले श्लोक शास्त्री कसेबसे गिळत होते. शेवटी महाराज चित्रभानूंकडे वळले आणि म्हणाले, तुमचा फळा तरी चालू करा.

चित्रभानूंनी आज मुहूर्त बरा नसल्याचं सांगून पाहिलं. महाराजांनी डोळे वटारले. मग खोळ निघाली, धुरळा उडाला, आचार्य शिंकले. फळ्याच्या कडीला दसऱ्याचा हार तसाच बांधलेला होता, वाळून पार काड्या झालेला. किल्लीच्या भोकात कोणी भाविकाने पेढा चिकटवला होता, तोही दगड झालेला. चित्रभानूंनी हार तोडला, पेढा खरवडला, किल्ली सुलटी लावली, उलटी लावली, खाली वाकून पाहिलं आणि शेवटी म्हशीला थोपटावं तशा फळ्याला दोन थापा मारल्या.

"आत्ता कालपर्यंत तर चालत होता, महाराज," ते म्हणाले.

महाराजांनी जमिनीवर पडलेल्या हाराकडे पाहिलं. मग आचार्यांकडे. मग पुन्हा हाराकडे.

सगुणाने कानातले बोळे काढले आणि घंटा वाजवली. "पाठ संपला, महाराज."

"संपला? सुरू कधी झाला?"

"शास्त्रीबुवा बोलले का?"

"नाही."

"आम्ही काही ऐकलं?"

"बोळे घालून काय ऐकणार, कप्पाळ? पुस्तकही नाही उघडलंत. पण मग शिकलं कोण?"

"आज बाकावर नवा विद्यार्थी एकच आहे, महाराज. आत येताना तुम्हांला वाटत होतं, आचार्यांना हा फळा चालवता येतो. आता काय वाटतं?"

शास्त्र्यांनी डोळे गच्च मिटले. आता हत्तीखाना नाही, थेट हत्तीचा पाय, असं त्यांना वाटलं. इतक्यात महाराज हसले! असे हसले की बाकातून सुटेनात, दोघांनी धरून ओढावं लागलं. हत्तीखाना रद्द झाला. फळा चालवता येईपर्यंत चित्रभानूंनी पहिल्या बाकावर बसायचं आणि शास्त्र्यांनी हवं तितकं बोलायचं, असा नवा हुकूम निघाला. मग महाराजांनी सगुणाला विचारलं, काय हवं ते माग.

"त्या फळ्याची किल्ली द्या. आम्हांला चालवून बघायचाय."

"पोरांच्या हातात?" चित्रभानू कळवळले. "अहो, बिघडेल तो!"

"बिघडायला तो आधी चालावा लागतो, आचार्य."

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. त्यांनी स्वतः आचार्यांच्या कमरेची किल्ली काढून सगुणाच्या हातात ठेवली आणि शास्त्र्यांचा तिथल्या तिथे सत्कार केला. शाल म्हणून ती मखमली खोळच पांघरली.