छातीशी धरलेली बोटं

"...आणि ऐन वेळी नेट गेलं तर, बाई?"

ऋतुराज बर्गे अजून पायरीवरच होता. एक बूट काढलेला, दुसरा पायात.

"आधी आत ये," घळसासी बाई म्हणाल्या.

बाईंना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. कोरेगावात त्यांच्या ओसरीवर दुपारी तीन ते साडेचार वर्ग भरे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांचा. त्या दिवशी तिघी आल्या होत्या: छबूताई, फरजाना आणि शिवणकाम करणारी रंजना.

ऋतुराज बाईंचा जुना विद्यार्थी. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा. दोन वर्षं झाली, अजून तात्पुरता. दुसऱ्या दिवशी साडेदहाला निवड समिती त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसणार होती. तास पसंत पडला तर नोकरी कायम. नाही तर जूनपासून घरी.

"नेट गेलं तर काय होईल?" बाईंनी विचारलं.

"पडदा काळा होईल."

"आणि मुलं?"

"मुलं... माझ्याकडे बघतील."

"अरे बापरे," बाई म्हणाल्या. "मग कठीणच आहे."

फरजाना पदराआड हसली.

ऋतुराजला ते लागलं. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि बाईंच्या पुढ्यात धरला.

"हे बघा तरी. पडद्यावर प्रश्न येतो, खाली तीन-चार उत्तरं. मुलं आपापल्या मोबाईलवर उत्तर दाबतात. जसजशी दाबतील तसतसे पडद्यावर खांब वर चढतात. सगळ्यांना दिसतात, तिथल्या तिथे. आमच्याकडे हे मी सुरू केलं. बाकीचे अजून फळाच घासतायत. माझ्या तासाला झोपलेलं एक पोर दाखवा!"

"आणि उत्तरं?"

"एकसष्टपैकी अठ्ठावन्न बरोबर. रोज."

"रोज?"

"रोज."

बाई चष्मा पुसत राहिल्या.

"...काल सोडून," ऋतुराज म्हणाला.

"काल काय झालं?"

"एक बटण चुकून दाबलं गेलं. सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत खांब झाकलेलेच राहिले. तेवीस बरोबर आले. एकसष्टपैकी तेवीस! कालपासून घास उतरत नाही, बाई. अ‍ॅपमध्येच काहीतरी बिघाड असणार."

"सर," छबूताई म्हणाली, "आमच्या परीक्षेला असले खांब दिसत न्हाईत व्हय? दिसले तर मी बी पास."

रंजना खळखळून हसली. ऋतुराज हसला नाही.

"उद्या काय करू ते सांगा," तो म्हणाला. "खांब उघडे ठेवले तर तास रंगतो. झाकले आणि समितीसमोर तेवीस आले, तर माझं काय..."

तो हातातला मोबाईल खालीवर करत राहिला.

"छबूच्या शेजारी बस," बाई म्हणाल्या.

"मी?"

"बस. आमची रीत साधी आहे. डोळे मिटायचे आणि बोटं छातीशी धरायची. पहिलं उत्तर असेल तर एक बोट, दुसरं असेल तर दोन."

ऋतुराज सतरंजीवर मांडी घालून बसला. पँट गुडघ्यात ताणली.

"सर, पाय आखडत्याल हां," छबूताई म्हणाली.

"बोलणं बंद. मिटा डोळे." बाई सावकाश सांगू लागल्या. "तळ्यात होडी आहे. होडीत मोठा दगड. तो उचलून पाण्यात टाकला. बुडाला, तळाशी गेला. तळ्याच्या पाण्याची पातळी वर येईल? एक बोट. खाली जाईल? दोन. तेवढीच राहील? तीन."

ऋतुराजने लगेच दोन बोटं धरली. हा प्रश्न त्याने स्वतः वर्गात सोडवून दाखवला होता.

घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

...दोनच ना? होडीत असताना दगडाच्या वजनाइतकं पाणी बाजूला सरतं. बुडाल्यावर फक्त आकाराइतकं, म्हणजे कमी. दोनच. की घाईत काही सुटलं?

त्याची डावी पापणी किंचित वर झाली.

छबूताईचं एक बोट. फरजानाचं एक. रंजनाचं एक.

त्याने पापणी मिटली. थोड्या वेळाने मधलं बोट हळूच दुमडून घेतलं.

"उघडा डोळे."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग ऋतुराजकडे.

"सरांचं बी एकच!" छबूताईने टाळी वाजवली. "म्हंजे आपलं बरोबर!"

"छबू, तू एक का धरलंस?" बाईंनी विचारलं.

"दगड पाण्यात पडला की पाणी वर येतंच की, बाई. हंड्यात बघतोच आपण."

"फरजाना?"

"मलाही तसंच वाटलं, बाई."

"रंजना, तू?"

रंजना लाजली. "मला काही कळलंच नाही, बाई. सकाळी मशीनची सुई लागली बघा." तिने चिंधी बांधलेलं मधलं बोट दाखवलं. "हे उचलत नाही. म्हणून आपलं एकच धरलं."

फरजाना तोंडावर हात दाबून हसत राहिली.

ऋतुराजने हात मांडीखाली घेतला. कान लाल झाले होते.

"बाई... मी आधी दोन धरली होती."

"पाहिलं मी. पापणी उघडलीस तेही."

"दोनच बरोबर आहे."

"हो."

छबूताईचं हसू थांबलं. ती ऋतुराजच्या तोंडाकडे पाहत राहिली.

चार वाजले. ऋतुराज उठला, मोबाईल खिशात टाकला आणि पायरीवर बसून बूट चढवू लागला. नाडीची गाठ दोनदा सुटली. शेवटी तशीच सोडून त्याने मान वर केली.

"साडेदहाला समिती येणार आहे, बाई. खांब झाकू की उघडे ठेवू? तुम्ही एकदा सांगून टाका. तुम्ही म्हणाल तसं करतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"परत डोळे उघडलेस."