चाकाखालचं लिंबू

गाड्या एकमेकींशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. आप्पा करंबेळकरांच्या शेडमध्ये जुनी मोटार होती. दसऱ्याला तिच्या शेजारी नवी आली. आप्पांनी दोघींना झेंडूचे हार घातले, पण चाकाखाली लिंबू ठेवलं ते नवीच्याच.

"आजीबाई, तुम्हाला लिंबू नाही?" नवीनं हसून विचारलं.

"लिंबू चिरडायला चालावं लागतं. माझा एक पार्ट आता कुठंच मिळत नाही."

"माझं तसं नाही होणार. मी बटणावर सुरू होते, आप्पांना रस्ता सांगते."

"त्यांच्या नवरीला मीच घरी आणलं होतं," जुनी म्हणाली.

काही वर्षांनी नवीचा स्क्रीन काळा पडला आणि ती सुरूच होईना. मेकॅनिक म्हणाला, "आप्पा, हा पार्ट कंपनीनं बंद केलाय."

पुन्हा दसरा आला. आप्पांनी तिला पुसलं, हार घातला आणि लिंबू हातात घेतलं. नवी त्या लिंबाकडे बघत राहिली. आप्पा तिला ओलांडून फाटकाकडे गेले. तिथं तिसरी गाडी उभी होती.

"आजी, पुढच्या दसऱ्याला तरी?" नवीनं विचारलं.

जुनी म्हणाली, "मीसुद्धा विचारायचे. हार सुकला की विचारणं थांबतं."