हरिणीचे कान

एका नदीकाठच्या गावात एकदा एक वृद्ध नाट्याचार्य राहत होते. टेकडीवरच्या जुन्या धर्मशाळेत त्यांची नाट्यशाळा भरे. दूरदूरचे विद्यार्थी तिथे अभिनय शिकायला येत, आणि नुसता हात कसा उचलावा एवढ्यासाठीही आचार्य त्यांना दिवसच्या दिवस घोटून घेत. हेरंब हा त्यांचा पट्टशिष्य. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, मन मात्र लोण्यासारखे. वाटेत कुणी दुःखी दिसला की हेरंबचे पाऊल अडलेच म्हणून समजावे.

त्या गावच्या बाजारात कमळजा नावाची एक तरुणी टोपल्या विणत बसे. लहानपणीच्या आजारात तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. चाके लावलेल्या एका फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत ती गावभर फिरे. हातातले काम जरा थांबले की ती भोवतीच्या पोरांना गोष्टी सांगे. तिच्या एका हाताची घार होई, दुसऱ्याचे कोंबडीचे पिल्लू, आणि पोरे श्वास रोखून बघत राहत. हेरंबने एक दिवस हे पाहिले आणि त्याला भरून आले. हिला उत्सवाच्या मंडपात आणायचेच, असे त्याने मनाशी ठरवले.

वसंतोत्सव जवळ आला होता. उत्सवाचा भार गावातले एक मोठे कापडाचे व्यापारी उचलत. हेरंबने त्यांच्याकडे शब्द टाकला आणि शेटजींनी आनंदाने होकार दिला. उत्सवाच्या दुपारी देवळासमोरच्या मंडपात कमळजाला मानाने पुढे बसवण्यात आले. शेटजी उभे राहून म्हणाले, "मंडळी, देवाने हिचे पाय नेले, पण जिद्द बघा. आपण धडधाकट माणसं उगाच कुरकुरतो. हिच्याकडून शिकायला हवं."

मग कमळजाने पाणवठ्यावरची हरिणी आणि झुडपाआडचा शिकारी यांची कथा हातांनी उभी केली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्यांनी मंडप दणाणला. शेटजींनी एक भरजरी शाल तिच्या खांद्यांवर घातली. हेरंबच्या गालांवरून तर आसवे ओघळत होती. आता आचार्यांनी आशीर्वादाचे दोन शब्द बोलावेत म्हणून सगळे त्यांच्याकडे वळले.

आचार्य उठले, कमळजाजवळ गेले, आणि त्यांनी तिच्या खांद्यांवरची शाल काढून बाजूला ठेवली.

"शालीमुळे हात मोकळे होत नाहीत," ते म्हणाले. "हरिणी पाणी पिते तेवढा भाग पुन्हा कर."

कमळजाने तो भाग पुन्हा केला.

"ही गाय झाली," आचार्य म्हणाले. "गाय पाणी पिताना कान सैल सोडते, तिला कुणाचं भय नसतं. हरिणीचं तोंड पाण्यात असलं तरी तिचे कान राखण करत असतात. तुझी ही दोन बोटं झोपली होती. पुन्हा."

तिने पुन्हा केले.

"नाही."

तिने आणखी एकदा केले.

"नाही. आता कान जागे झाले, पण मान विसरलीस."

लोकांत कुजबुज सुरू झाली. "म्हाताऱ्याला काळीज म्हणून नाही," एक आजीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. शेटजींनी उपरणे सावरले आणि कुणाचा निरोप न घेता ते चालते झाले. कमळजाचे ओठ घट्ट मिटले होते. तिला रडू येत आहे की राग, हे हेरंबला कळेना.

"उद्या सकाळी शाळेत ये," आचार्य तिला म्हणाले. "यायचं असेल तर."

परतीच्या वाटेवर हेरंबला राहवले नाही. "गुरुजी, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण आज तुम्ही बरं केलं नाहीत. जन्मात पहिल्यांदा तिला टाळ्या मिळाल्या होत्या. चूक असेल, पण ती आजच दाखवायला हवी होती का?"

"तुला तिचं काम कसं वाटलं?"

"फार छान. म्हणजे, तिची अवस्था लक्षात घेता..."

"हं." आचार्य काठी टेकत चालत राहिले. "तू दूताचं सोंग घेतलं होतंस तेव्हा तुझ्या अंगात ताप होता. मी तुझी अवस्था लक्षात घेतली होती का?"

"छे. तुम्ही मला नुसतं दारातून आत येणं आठवडाभर करायला लावलंत."

"मग?"

हेरंबचा राग गेला नाही. तो म्हणाला, "ती उद्या येणार नाही, गुरुजी."

"न आली, तर तुझं खरं आणि माझं चुकलं. मी बाजारात जाऊन तिची क्षमा मागेन. आली, तर मी असं का केलं ते तुला सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंब नदीवर जायला निघाला. टेकडीच्या पायऱ्या उतरून खाली येतो तो काय, शेवटच्या पायरीशी कमळजा बसलेली. तिची दोन बोटे ताठ उभी राहत होती, किंचित थरथरत होती, पुन्हा वळत होती. त्याची चाहूलही तिला लागली नाही.

"कमळजा," हेरंब हळूच म्हणाला, "कालचं मनाला लावून घेऊ नकोस. गुरुजींचा स्वभावच तसा..."

"दादा, एक सांगा. मान वळली की हरिणीचे कान आधी फिरतात की मागाहून?"

हेरंबला ते ठाऊक नव्हते. त्याने तसे सांगितले, तेव्हा ती हसली.

"काल फार राग आला होता," ती म्हणाली. "वाटलं, परत या म्हाताऱ्याचं तोंड पाहायचं नाही. मग विचार करताना ध्यानात आलं, की मला आजवर कुणी चूक म्हटलंच नव्हतं. मी पाणी भरलं तरी वाहवा, वेणी घातली तरी वाहवा. अहो, ती वेणी वाकडी असायची. मला आरशात दिसायची ना."

हेरंबलाही हसू फुटले. मग तिने मान वर करून पायऱ्यांकडे पाहिले. "पण वर कशी येऊ?"

"एवढंच ना? मी उचलून नेतो की."

"आज न्याल. उद्या आपलं भांडण झालं म्हणजे? शिकायला यायचं, तर भांडायची मोकळीक हवी ना, दादा."

हेरंब वर गेला आणि त्याने सगळी हकिकत आचार्यांना सांगितली. आचार्य भिंतीला धरून, दुखऱ्या गुडघ्यांना जपत सावकाश खाली उतरले. मागोमाग विद्यार्थीही आले. त्या पायऱ्यांवरून आचार्यांचे उभे आयुष्य चढण्या-उतरण्यात गेले होते. पण खाली उभे राहून त्यांनी त्या अशा निरखून कधी पाहिल्या नव्हत्या.

"हेरंब, ऐक," ते म्हणाले. "काल मंडपात सगळ्यांनी हिचे पाय पाहिले. हात कुणी पाहिलेच नाहीत. पाहिले असते, तर चूकही दिसली असती. पाहुण्याने केलेल्या भाजीला आपण खारट म्हणत नाही. घरच्या माणसाला म्हणतो. हिला पाहुणी म्हणून शाल देऊन वाटेला लावायचं माझ्या मनात नव्हतं, घरात घ्यायचं होतं. म्हणून चूक दाखवली. पण घरात ये म्हणायचं आणि दार टेकडीवर ठेवायचं, ही माझी चूक झाली, ती हिने दाखवली. फिट्टंफाट. आता शाळा खाली उतरेल."

आणि शाळा खरेच खाली उतरली. टेकडीच्या पायथ्याशी एक बंद पडलेला तेलाचा घाणा होता. त्याच्या सपाट आवारात वर्ग भरू लागला. धूळ इतकी, की करुण रसाच्या ऐन प्रसंगी कुणी ना कुणी शिंकायचेच. विद्यार्थी कुरकुरले, मग त्यांनीच झाडू हाती घेतले.

हेरंब मात्र शेटजींकडे गेला. ते अजून घुश्शात होते. "माझी शाल चारचौघांत उतरवली तुझ्या गुरूने."

"शेटजी, शालीखाली हात अडकत होते," हेरंब नम्रपणे म्हणाला. "तुमच्या मनात द्यायचंच असेल, तर टेकडीला दगडी उतार बांधून द्या. तिला नाही, शाळेला द्या. त्यात कुणाचं काही अडणार नाही."

शेटजी आपल्याच गुडघ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "चढ फार उभा ठेवू नका. मलाही तालमी बघायला यायचं असतं."

पावसाळ्याआधी टेकडीला वळसा घालून जाणारा उतार तयार झाला आणि शाळा पुन्हा वर गेली. त्यावरून प्रथम पखवाजांची हातगाडी गेली, मग कमळजा, आणि तिच्या मागोमाग काठी न टेकता आचार्य. पुढे गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्याही तालमी पाहायला वर येऊ लागल्या आणि बिनदिक्कत चुका काढू लागल्या. कमळजाच्या वाट्याला आचार्यांचे 'नाही' इतरांइतकेच आले. तिची आणि हेरंबची भांडणेही झाली. एकदा तर दोघे एका विरामावरून तीन दिवस बोलत नव्हती.

वर्ष सरले. नव्या वसंतोत्सवाचे नाटक ठरले, आणि आचार्यांनी भूमिका वाचून दाखवल्या. सूत्रधाराचे काम कित्येक वर्षे हेरंबचे होते. सगळे नाटक त्याच्या खांद्यावर चाले.

"यंदा सूत्रधार कमळजा," आचार्य म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

हेरंब तडक नदीवर जाऊन बसला. फळीवर बसलेला सूत्रधार कसा दिसेल, प्रेक्षक काय म्हणतील, सूत्रधाराला मंचभर फिरावे लागते, असे एकेक कारण तो मनात रचू लागला. पण आपण स्वतःशी खोटे बोलत आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते. फळी गर्रकन वळवून अचूक समेवर थांबणारी कमळजा त्याने रोज पाहिली होती. खरे कारण निराळेच होते. तो बोले तेव्हा लोक ऐकत. ती बोले तेव्हा लोक पुढे सरकून बसत.

म्हणजे मला तिचा हेवा वाटतो, असे त्याच्या मनात आले. अगदी सरळ, चांगला कडकडीत हेवा. आणि तिथेच, पाण्यात पाय सोडून बसल्या बसल्या, त्याला एकाएकी हसू आले. ज्याची कीव येते, त्याचा हेवा कसा वाटेल? त्याच्या मनातली कीव केव्हा संपली, हे त्याचे त्यालाही समजले नव्हते.

तो उठला आणि आचार्यांसमोर जाऊन उभा राहिला. "गुरुजी, मला कमळजाचा फार हेवा वाटतो."

आचार्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"वाटू दे," ते म्हणाले. "तालमीला जा. आणि पुढच्या वर्षी ती जागा तिच्याकडून जिंकून घे."

हेरंब तालमीला निघाला. जाता जाता तो सूत्रधाराचे पहिले वाक्य नव्या तऱ्हेने घोळवून पाहत होता, आणि ते कमळजापेक्षा बरे साधेल का, याचा हिशेब त्याच्या मनात आत्ताच सुरू झाला होता.

आपण कुणाला संधी दिली असे म्हणतो, तेव्हा एवढे तपासून पाहावे: त्याने उद्या आपल्यालाच मागे टाकावे, इतकी जागा त्या संधीत आपण ठेवली आहे का?